वाडग्यावरचे जहाज

हैफ्याला एका स्नेह्यांच्या घरी शब्बाथ सुटल्यावर चहा घेत बसलो असता जुन्या जपानी भांड्यांचे एक सचित्र पुस्तक आमच्या हाती आले. (चिनी मातीची जपानी भांडी असे म्हणताना हसू येते, पण मराठीत दुसरा सोयीचा शब्द नाही.) त्यातल्या एका वाडग्यापाशी आम्ही थांबलो. एका चौकटीत तीन डोलकाठ्यांचे जहाज, शेजारच्या चौकटीत लांब नाकाचे दोन गोरे, रुंद काठाच्या टोप्या, बटणांचे कोट, हातात लांब चिलीम. अशी भांडी क्यूशू बेटावर आरिता येथे होत आणि इमारी बंदरातून बाहेर जात, म्हणून त्यांना इमारी नाव पडले. असले वाडगे जपानी श्रीमंत घरांसाठी बनत. जहाज आले की लक्ष्मी आली, असा तो शुभशकुन.

हे गोरे म्हणजे डच. कोकणात त्यांना वलंदेज म्हणत. वेंगुर्ल्याला 1637 पासून त्यांची वखार होती. जपानने 1639 साली पोर्तुगीजांना हाकलले आणि 1641 साली डचांना नागासाकीच्या देजिमा नावाच्या बेटावर आणून ठेवले. बेट पंख्याच्या आकाराचे, चार एकरांहूनही लहान. सामान्य जपानी माणसाला तेथे प्रवेश नसे, तेव्हा वाडगा रंगवणाऱ्याने बहुधा दुसऱ्याचे चित्र पाहूनच हे चित्र काढले असावे. त्यात टोपी आहे, चिलीम आहे, जहाज आहे. धर्माची एकही खूण नाही, आणि ती असणे शक्यही नव्हते.

देजिमाच्या आधी डचांची वखार हिरादो येथे होती. तेथे त्यांनी नवी दगडी इमारत बांधली आणि तिच्यावर ख्रिस्ती सनाप्रमाणे 1639 हे साल कोरले. ख्रिस्ती धर्मावर तेव्हा सक्त बंदी होती. 1640 साली सरकारी अधिकाऱ्याने हुकूम दिला की त्या सालासाठी इमारत पाडा, आणि रविवारही उघडपणे पाळू नका. डच मुख्याधिकारी फ्रान्स्वा कॅरन याने हुज्जत न घालता मान तुकवली. इमारत पाडली, व्यापार टिकला.

वाचकहो, येथे आपल्याला हसणे सोपे आहे. आपल्या पूर्वजांना कोकणात शनवार तेली म्हणत. शनिवारी घाणा बंद असे तो साऱ्या गावाला दिसे. पण तो चालू ठेवा असे त्यांना कोणी दरडावले नव्हते. तेव्हा फुशारकीला जागा नाही.

शिवाय आपल्याच लोकांनी धर्म लपवलेला आहे. पोर्तुगालमध्ये जबरीने बाटवलेले यहुदी पिढ्यान्पिढ्या तळघरात प्रार्थना करीत. त्यांचे वंशज पळून गेले ते याच डचांच्या आम्स्टर्डमला, आणि 1675 साली तेथे त्यांनी भव्य सिनेगॉग उघडले. ज्यांच्या शहरात आपली माणसे उजेडात आली, त्यांचीच माणसे त्या वेळी देजिमावर रविवार लपवीत होती! मग एकाला आपण हुतात्म्यासारखे मान देतो आणि दुसऱ्याला नफेखोर म्हणतो, हे कोणत्या न्यायाने?

रामबामने बाराव्या शतकात, मोरोक्कोत जुलूम चालू असताना, या प्रश्नावर पत्र लिहिले. जिवाच्या भीतीने जो तोंडाने दुसरा धर्म बोलला त्याला धिक्कारू नका, त्याने गुपचूप पाळलेली मित्स्वाही मोजली जाते, असा त्याचा कौल. मात्र ज्याला जाता येईल त्याने घरदार, मालमत्ता न पाहता तो देश सोडावा. हा दंडक लावला की वाडग्यावरचे जहाज आम्हांला वेगळे दिसू लागते. डचांपाशी जहाज होते. नागासाकीच्या आसपासच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांपाशी नव्हते. त्यांनी पांढऱ्या चिनी मातीची कॅनन देवीची मूर्ती घरात ठेवली आणि मनात तिला मरियम मानले. दोन शतकांहून अधिक काळ हे चालले. 1865 साली उराकामी गावचे काही जण नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये येऊन पाद्र्याला हळूच सांगू लागले की आमचे मन तुमच्यासारखेच आहे. त्यानंतरही त्यांना हद्दपारी भोगावी लागली. बंदी उठली ती 1873 साली.

आणि डच? 1638 साली शिमाबाराच्या बंडात, बहुतेक ख्रिस्ती असलेले शेतकरी हारा किल्ल्यात कोंडले गेले, तेव्हा सरकारच्या सांगण्यावरून डच जहाजाने किल्ल्यावर तोफा डागल्या. पंथ वेगळे, वैर जुने, हे खरे. तरीही येथे आमचा धीर सुटतो. आपला रविवार लपवणे हे एक, आणि दुसऱ्याच्या प्रार्थनेवर गोळा टाकणे हे दुसरे. पहिल्याला आम्ही क्षमा करू, दुसऱ्याला नाही.

हे सर्व आम्ही स्नेह्यांपुढे मोठ्या आवाजात मांडले. त्यांच्या सौभाग्यवती तोवर कपबशा गोळा करीत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, जहाज कंपनीचे होते ना? त्या बेटावरच्या कारकुनाचे थोडेच होते?" आम्ही पुन्हा चित्राकडे पाहिले. चिलीमवाला कारकून की मुख्याधिकारी, ते काही ओळखता येईना.