नेम आणि नेमणूक

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आई गंगाखेडहून परभणीला माझ्याकडे आली होती. सकाळी सहाच्या ठोक्याला तिच्या उशाशी फोन किणकिणला. नातीने वाचून दाखविले, "आई, बरी आहेस ना?" खाली माझे नाव. आणि मी शेजारच्या खोलीत गाढ झोपलेला! चहाच्या वेळी आईने शांतपणे विचारले, "अरे, मी तर तुझ्याच घरात आहे. मग हे विचारतंय कोण?"

विचारीत होता क्रॉन. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकातला हा मुका गडी. मूळ युनिक्समधला, तिच्या १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीतही तो होता. त्याला एक ओळ लिहून द्यावयाची: आधी मिनिट, मग तास, तारीख, महिना, वार आणि शेवटी आज्ञा. जेथे अट नाही तेथे तारका. शून्य, सहा आणि पुढे तीन तारका, म्हणजे रोज सकाळी सहाला. गडी दर मिनिटाला यादी पाहतो आणि वेळ जुळली की काम करतो. शाळेच्या गुणपत्रकांची प्रत रात्री दोनला तोच काढून ठेवी. तिच्याच खाली मी आईची चौकशीही लिहून ठेविली होती.

वाचकहो, यात पाप ते कोणते? गुणपत्रकांची प्रत मी काढली काय नि यंत्राने काढली काय, प्रत ती प्रतच. जात्याची जागा गिरणीने घेतली म्हणून भाकरीची चव कोणी कडू म्हणत नाही. पण "बरी आहेस ना?" या प्रश्नातून विचारणारा वजा केला, तर उरते काय?

कोणी म्हणेल, रोज तेच ते करणारा माणूस तरी यंत्राहून वेगळा कुठे? आमच्या गंगाखेडच्या जनाबाईकडे पाहावे. जाते तेच, फेरा तोच. पण प्रत्येक फेऱ्यात ती स्वतः होती. दोष पुनरावृत्तीचा नाही, गैरहजेरीचा आहे. नेम आपण पाळावयाचा असतो. दुसऱ्यावर सोपविला की ती नुसती नेमणूक होते.

आणखी एक भेद आहे. सहाच्या वेळी संगणक बंद असला, तर साध्या क्रॉनची ती पाळी चुकते. नंतर चालू झाल्यावर तो ती भरून काढीत नाही, आणि त्याला त्याचे काही वाटतही नाही.

दोनची ओळ मी ठेविली, सहाची पुसली. आता आई गंगाखेडला आहे; मी स्वतः फोन करतो. कधी सातला, कधी नऊला. परवा मात्र साफ विसरलो. वर्गात फळ्यावर तारीख लिहिताना आठवले आणि दिवसभर चुटपुट लागून राहिली. संध्याकाळी फोन केला, तर आई म्हणाली, "आज विसरलास वाटतं?" तिच्या आवाजात राग नव्हता. विसरणारा का होईना, पण आपलाच मुलगा बोलतो आहे, एवढी तिची खात्री पटली होती.