वैषम्याची फिर्याद

ईश्वराविरुद्ध मनुष्याने आजवर ज्या फिर्यादी गुदरल्या, त्यांत तो अस्तित्वातच नाही ही फिर्याद तुलनेने अर्वाचीन असून पंडितांच्या सभेपलीकडे ती फारशी गेली नाही. तो आहे, तो पाहतो, परंतु त्याचे पाहणे सर्वांकडे सारखे नाही, एकाच्या अंगणात तो वारंवार येतो आणि दुसऱ्याच्या दारावरून मान वळवून निघून जातो, ही फिर्याद मात्र जुनी, घरोघरची आणि जिव्हारी लागणारी आहे. हाबेलाचे अर्पण स्वीकारले गेले आणि काइनाचे नाकारले गेले, याचे कारण बायबलच्या पहिल्या पुस्तकात स्पष्ट दिलेले नाही. आणि बादरायणाने ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात वैषम्य व नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात व निर्दयता, अशी दोन कलमे आपण होऊन ईश्वरावर ठेवून त्यांचा परिहार केला, यावरून ती शंका त्या काळीही किती बळावलेली असावी हे दिसते.

हीच फिर्याद, देवाच्या जागी दूरचित्रवाणी आणि वृत्तपत्रे घालून, अमेरिकेतील शिकागो शहराच्या दक्षिण भागातला बेसबॉलचा चाहता वर्षानुवर्षे करीत आला आहे. विद्वानांनी तिला हसावे हे साहजिक आहे, कारण चेंडूफळीच्या खेळातले रुसवेफुगवे तत्त्वज्ञानाच्या चावडीवर आणण्याची आपल्याकडे रीत नाही; परंतु मला ती कैफियत सविस्तर ऐकून घेण्याजोगी वाटते, आणि तिच्यातला खरा भाग खुद्द फिर्यादीला वाटतो त्याहून वेगळ्याच ठिकाणी आहे असे माझे मत आहे.

प्रथम वस्तुस्थिती. शिकागोत या खेळाचे दोन मोठे संघ आहेत. उत्तरेकडे कब्ज, ज्यांचे 1914 साली बांधलेले आणि वेलींनी मढवलेल्या भिंतींचे मैदान पाहण्यास देशोदेशीचे प्रवासी येतात. दक्षिणेकडे व्हाइट सॉक्स, ज्यांच्या मैदानापासून जवळच 1971 सालापर्यंत अमेरिकेतला प्रचंड गुरांचा बाजार व कत्तलखाने होते आणि ज्यांचा चाहतावर्ग त्या कामगार वस्त्यांतून वाढला. बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाला 1918 नंतर अजिंक्यपद मिळाले ते 2004 साली, म्हणजे 86 वर्षांनी. कब्जना 1908 नंतर मिळाले ते 2016 साली, म्हणजे 108 वर्षांनी. आणि या दोहोंच्या मध्ये, 2005 साली, व्हाइट सॉक्सनी 1917 पासूनची 88 वर्षांची प्रतीक्षा संपवली. बॉस्टनच्या विजयावर पुस्तके निघाली, चित्रपटांत तो आला. कब्जच्या विजयाने राष्ट्राचे डोळे पाणावले. आणि मधल्या वर्षी काय घडले हे विचारल्यास खेळाची चांगली माहिती असणारी माणसेही क्षणभर आठवू लागतात.

घडले ते सामान्य नव्हते. हंगामाच्या पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत हा संघ आपल्या गटात अग्रस्थानी राहिला आणि 99 सामने जिंकला. पुढच्या बाद फेऱ्यांत त्याने आदल्या वर्षीच्या विजेत्या बॉस्टनला तीन सामन्यांत गारद केले, आणि एकूण 12 सामन्यांत एकच गमावला. एंजल्स संघाविरुद्धच्या मालिकेत बर्ली, गार्लंड, गार्सिया आणि कॉन्ट्रेरस या चार पिचरांनी लागोपाठ चार सामने एकेकट्याने शेवटच्या चेंडूपर्यंत टाकून पुरे केले. ज्या काळात सहासात डावांनंतर पिचर बदलणे हीच वहिवाट होऊन बसली होती, त्या काळात हे जवळजवळ अघटित होते. अंतिम मालिकेतील दुसरा सामना पॉडसेडनिक नावाच्या अशा खेळाडूने शेवटच्या डावात होमरन मारून जिंकून दिला, की ज्याने संपूर्ण नियमित हंगामात एकही होमरन मारलेला नव्हता. कथाकाराला याहून अधिक काय हवे असते?

कथाकाराला बहुधा शाप हवा असतो. बॉस्टनने 1919 च्या अखेरीस बेब रूथला न्यूयॉर्कच्या यांकीज संघाला विकले, तेव्हापासून त्याचा शाप लागला अशी आख्यायिका आहे. कब्जच्या मैदानातून 1945 साली एका खानावळवाल्याच्या बोकडाला बाहेर काढले, त्याचा शाप लागला अशी दुसरी. या दोन्ही आख्यायिका वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी इतक्या वेळा उगाळल्या, की जणू अमेरिकेच्या पुराणांत त्यांचा समावेश झाला आहे. गंमत अशी, की कर्मसिद्धांताच्या दृष्टीने पाहिले तर ज्याच्या दुर्दैवामागे खरोखर पाप होते असा संघ एकच, आणि तो व्हाइट सॉक्स: 1919 ची अंतिम मालिका पैसे घेऊन हरल्याचा आरोप त्याच्या आठ खेळाडूंवर आला, 1921 साली ज्यूरीने ते निर्दोष ठरवले, आणि तरीही बेसबॉलचे आयुक्त न्यायमूर्ती लँडिस यांनी त्यांना या खेळातून जन्माचे बेदखल केले. त्या पापावर चित्रपट निघाले. पापाची आठवण राहिली. 88 वर्षांच्या भोगानंतरची मुक्ती तेवढी दप्तरातून गहाळ झाली.

या तक्रारीवर माध्यमांचे उत्तर ठरलेले आहे: आम्ही लोकांना जे हवे तेच दाखवतो, आमच्या मनात ना राग ना लोभ. 2005 च्या अंतिम मालिकेला दूरचित्रवाणीवर तोपर्यंतच्या इतिहासातला सर्वांत कमी प्रेक्षकवर्ग मिळाला, हा आकडा ते मुद्देमालासारखा पुढे ठेवतात. हा युक्तिवाद ज्याने आचार्यांचे भाष्य वाचले आहे त्याला अपरिचित वाटणार नाही. वैषम्याच्या आरोपाला बादरायणांचे उत्तर असे, की ईश्वर फळ देतो ते प्राण्यांच्या कर्माच्या अपेक्षेने देतो. आणि शंकराचार्य त्यावर पर्जन्याचा दाखला देतात, की पाऊस भातावर आणि जवावर सारखाच पडतो, उगवते ते मात्र ज्याच्या त्याच्या बीजाप्रमाणे. माध्यमे म्हणतात, आम्ही पाऊस. लोकप्रियता हे बीज. पण मग पहिले बीज कोठून आले, ही शंका सूत्रकारांनाही चुकली नव्हती, आणि संसार अनादि आहे, बीज आणि अंकुर यांची परंपरा आरंभावाचून चालत आली आहे, असे सांगून त्यांनी ती मिटवली. प्रसिद्धीने लोकप्रियता आणि लोकप्रियतेने प्रसिद्धी हे चक्रही असेच अनादि मानले, तर दाद मागण्यास जागाच उरत नाही.

अडचण एवढीच, की या चक्राचा आरंभ निदान शिकागोपुरता तरी दप्तरी नोंदलेला आहे. 1981 साली कब्ज हा संघ ट्रिब्यून कंपनीने सुमारे दोन कोटी डॉलरांना विकत घेतला. याच कंपनीच्या मालकीचे शहरातले मोठे वृत्तपत्र होते आणि डब्ल्यूजीएन ही वाहिनीही होती, जी 1978 पासून उपग्रहाद्वारे देशभर पोचत होती. कब्जच्या मैदानावर 1988 च्या ऑगस्टपर्यंत रात्रीचे दिवे नव्हते, त्यामुळे त्यांचे घरचे सामने दुपारी होत, आणि शाळेतून परतलेली, शिकागो नकाशावरही न पाहिलेली लाखो मुले त्यांचे भक्त होऊन मोठी झाली. येथे पावसानेच बीज विकत घेतले होते. 2009 साली कंपनीने संघ विकला, तोवर पीक उभे राहिले होते.

फिर्यादीच्या बाजूचा हा पुरावा भक्कम आहे, आणि म्हणूनच त्याला न आवडणारी गोष्टही सांगितली पाहिजे. त्याच 1981 साली व्हाइट सॉक्स नव्या मालकांच्या हाती गेले, आणि पुढच्याच हंगामात त्यांनी आपले बरेचसे सामने पैसे भरणाऱ्या वर्गणीदारांसाठीच्या वाहिनीकडे वळवले. हॅरी केरी हा लोकांचा लाडका समालोचक, ज्याने सातव्या डावाच्या विरामात प्रेक्षकांबरोबर गाणे म्हणण्याची आपली प्रथा व्हाइट सॉक्सच्या मैदानात सुरू केली होती, तो ती प्रथा, तो चष्मा आणि तो घोगरा आवाज घेऊन कब्जकडे गेला. दार आतून लावले गेले होते. बादरायणांचा सापेक्षतेचा मुद्दा इतक्या अंशाने खरा मानावाच लागतो, मग दक्षिण शिकागोचा माणूस कितीही रागावो.

ख्रिस्ती परंपरेतले उत्तर याहून कठोर आहे. याकोब आणि एसाव हे जुळे भाऊ जन्माला येण्याआधीच, म्हणजे पुण्य वा पाप करण्याची संधी मिळण्याआधीच, त्यांतला एक निवडला कसा गेला, हा प्रश्न संत ऑगस्टिनने इसवी सन 396 च्या सुमारास सिंप्लिकियानुस याला लिहिलेल्या उत्तरांत हाती घेतला, आणि निष्कर्ष काढला की कृपा ही कोणाच्या गुणांची मजुरी नव्हे. सर्वच ऋणको असताना सावकाराने एकाचे कर्ज माफ केले आणि दुसऱ्याकडून वसूल केले, तर दुसऱ्याला अन्यायाची ओरड करता येत नाही. हा सिद्धांत मला कधीच पचला नाही. तरीही प्रेमाच्या बाबतीत त्यात एक सत्य आहे हे नाकारवत नाही: प्रेम हक्काने मागता येत नाही, आणि कोणी दुसऱ्यावर अधिक प्रेम केले म्हणून मी लुटला गेलो असे होत नाही. अमेरिकन जनतेला कब्ज आवडतात तर आवडोत. आमचा फिर्यादी तरी कॅन्सस सिटीच्या संघासाठी, जो 2015 साली जिंकला, आपली अर्धी संध्याकाळ देईल काय?

तेव्हा प्रेमाच्या वाटपाबद्दलचा दावा निकाली काढावा. तो टिकत नाही. टिकतो तो साक्षीबद्दलचा दावा. मुंडकोपनिषदात एकाच वृक्षावर बसलेल्या दोन पक्ष्यांचे वर्णन आहे, ज्यांपैकी एक फळ खातो आणि दुसरा न खाता नुसता पाहतो. चाहता हा पहिला पक्षी आहे. गोडकडू सारे तो खातो, त्याने पक्षपाती असणे हा त्याचा धर्मच आहे, आणि समदर्शी चाहत्याची मला थोडी भीतीच वाटेल. परंतु ज्याने पाहण्याचे काम पत्करले, नोंदीचे दप्तर ज्याच्या हाती आहे, त्याने पाहण्याचे वेतन घेऊन फळेही खावी, आणि खाल्लेले फळच काय ते झाडाला आले होते असे लिहून ठेवावे, हा वेगळ्या जातीचा दोष आहे. प्रियकराचा पक्षपात क्षम्य असतो. साक्षीदाराचा पक्षपात म्हणजे खोटी जबानी. 2005 सालच्या संघाची स्तुती कमी झाली हा अन्याय नव्हे. शिकागोच्या बेसबॉलचा इतिहास सांगताना 1908 वरून 2016 वर उडी मारली जाते, हा आहे.

या खोट्या जबानीचा एक नमुना तर धर्मपीठापर्यंत पोचला. शिकागोत जन्मलेले रॉबर्ट प्रीवोस्ट हे 8 मे 2025 रोजी लिओ चौदावे या नावाने पोप झाले, तेव्हा ते कब्जचे चाहते असल्याची बातमी पसरली आणि कब्जच्या मैदानाबाहेरील फलकावर ती आनंदाने झळकलीही. कारण शिकागोचा माणूस म्हटल्यावर तो दुसऱ्या कोणत्या संघाचा असणार, असेच सर्वांनी धरून चालले होते. त्याच दिवशी पोपच्या बंधूंनी खुलासा केला, की ते पहिल्यापासून व्हाइट सॉक्सचे. मग कोणी जुनी चित्रफीत शोधून काढली: 2005 च्या अंतिम मालिकेतील पहिल्या सामन्याच्या शेवटच्या डावात, प्रेक्षकांच्या रांगेत चिंताक्रांत मुद्रेने बसलेला एक गृहस्थ क्षणभर पडद्यावर दिसतो, तो हाच, त्यावेळी ऑगस्टिनच्या नावाने चालणाऱ्या संन्यासी-संघाचा प्रमुख. कॅमेऱ्याला तो कोण हे ठाऊक नव्हते, आणि म्हणूनच त्याची साक्ष निर्मळ राहिली. कृपेच्या निवडीवर ग्रंथ लिहिणाऱ्या संताचा हा अनुयायी आपल्या खेळात मात्र न निवडल्या गेलेल्यांच्या बाजूने बसला होता, यावर ईश्वरशास्त्राच्या पंडितांनी एखादी टीप लिहावयास हरकत नाही.

व्हाइट सॉक्सकडे माध्यमांनी कधीच पाहिले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. 2024 च्या हंगामात हा संघ इतका वाईट खेळला, की न्यूयॉर्क मेट्सने 1962 साली केलेला 120 पराभवांचा आधुनिक विक्रम मोडण्याच्या बेतात आला, आणि सप्टेंबर महिन्यात देशभरच्या वाहिन्यांना दक्षिण शिकागोचा रस्ता एकाएकी सापडला. 120 वा पराभव झाला होता. घरच्या मैदानावर एंजल्सशी तीन सामने बाकी होते. विक्रम मोडला जाताना पाहावा म्हणून आलेल्यांत चाहतेही होते, आणि त्यांतले पुष्कळसे संघ विकून टाका अशा आरोळ्या मालकाच्या नावाने ठोकत होते. व्हाइट सॉक्सनी ते तिन्ही सामने जिंकले. 121 वा पराभव टिपून घेण्यासाठी कॅमेरे सरसावून बसलेल्या मंडळींना मग बाडबिस्तरा आवरून डेट्रॉइटला जावे लागले.