पाचोळा कुणाचा?

पालघर जिल्ह्यातल्या एडवणच्या दक्षिणेला, दातिवऱ्याजवळ वैतरणा समुद्राला मिळते. भर पावसाळ्यात तिच्या मुखाशी येणारा गढूळपणा किनाऱ्यावरचा नसतो. त्र्यंबकच्या डोंगरापासून मोखाड्याच्या उतारांपर्यंत जिथून जिथून पाणी धावत सुटले, तिथली ती माती. बराच गाळ वाटेतल्या धरणांतच अडतो तो वेगळाच.

माती धरून कोण ठेवते? झाडे, हे उत्तर अर्धेच आहे. उंच झाडाच्या पानावर पाणी साठून पडणारा थेंब पावसाच्या थेंबाहून मोठा असतो आणि खाली येईपर्यंत त्याला चांगलाच वेग आलेला असतो. सागाच्या लागवडीत खालची जमीन झाडून-पुसून उघडी असेल, तर माती मोकळ्या माळापेक्षाही जास्त उडू शकते. तो मार झेलतो पाचोळा, गवत, झुडपे. कुजल्या पानांनी भुसभुशीत झालेली माती मग पाणी पिते आणि बारीक मुळांचे जाळे तिला बांधून ठेवते.

माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या वनांचा, अभ्यास केला. तिथे पाचोळा जागेवरच राही. अनेक देवरायांचा नियम कडक असे: कुऱ्हाड तर नाहीच, पण खाली पडलेली वाळकी काटकीही उचलायची नाही. ती देवाची.

या नियमाचे वजन पालघरच्या शेतकऱ्याला नेमके कळेल. भाताच्या रोपासाठी राब भाजायचा, म्हणजे रोपांची जमीन भाजून तयार करायची, तर फांद्या, पाला, गवत लागतेच. ही गरज खरी आहे. देवराईच्या हद्दीवर मात्र खऱ्या गरजेलाही थांबावे लागे. जगातले सगळे ईश्वराने व्यापलेले आहे, म्हणून त्यागूनच भोगावे, असे ईशावास्य उपनिषद आरंभीच सांगते. तो त्याग इथे पाचोळ्यापर्यंत पोचला होता. फायद्याचा हिशेब करणाऱ्याने कदाचित झाड राखले असते आणि पाला नेला असता.

ही भक्ती होती की नुसती भीती? दोन्ही असावीत. पण देव झाडीतून उठून सिमेंटच्या देवळात गेला, तेव्हा काही ठिकाणी जीर्णोद्धाराच्या खर्चासाठी राईचीच झाडे तुटली. श्रद्धा आटली नव्हती, देव कुठे राहतो ही समजूत बदलली होती. समजुतीतल्या या बदलाने झालेले नुकसान फार मोठे आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वन राखण्याचा अधिकार दिला आहे. राबाला किती पाला न्यायचा, कोणता उतार अजिबात झाडायचा नाही, हे आता गाव बसून ठरवू शकते. त्या बैठकीत देवाला साक्षी ठेवायचे की नाही, तेही गावानेच ठरवावे.