तीस सेकंदांचं पुण्य

श्रावणात माणसाने काहीतरी सोडावं अशी आपल्याकडे रीत आहे. कोणी कांदा-लसूण सोडतो, कोणी दाढी करणं सोडतो. आमच्या शाखेतले एक सहकारी दरवर्षी महिनाभर रागावणं सोडतात, आणि त्या महिन्यात त्यांच्या टेबलाजवळ जायची कोणाची छाती होत नाही. २०२४च्या श्रावणात मी मात्र काही सोडलं नाही, उलट धरलं. नवी गाणी ऐकण्याचा वसा घेतला. तीही साधीसुधी नव्हेत, इंडी आणि रॉक.

आता केदारखेड्यात रॉक म्हणजे काय, हे मी सांगायला नको. भोकरदन तालुक्यातलं पूर्णेकाठचं आमचं गाव. इथे रॉक म्हणजे खडक. तो विहीर खणताना लागतो आणि पाणी लागायच्या आधी लागतो. अशा गावात बँकेच्या एका कारकुनाला, वय वर्षं सेहेचाळीस, शिक्षण बी.कॉम., हा नाद लागावा याला कारण आमची कन्या. ती पुण्याला शिकते. आमचं फोनवरचं संभाषण पासबुकातल्या नोंदीसारखं असे.

“जेवलीस का?”

“हो.”

“पैसे आहेत का?”

“नाही.”

इथे संभाषण संपून व्यवहार सुरू व्हायचा. एकदा मात्र ती म्हणाली, “पप्पा, तुम्ही अजून १९९८ मध्येच राहता.” तिचं खरं होतं. त्या साली मी ‘गारवा’ची कॅसेट घेतली होती. त्यानंतर संगीतात काही घडलं असल्यास त्याची खबर मला नव्हती. मग करार ठरला. दर शुक्रवारी तिने पाच नवी गाणी पाठवायची, मी ती पूर्ण ऐकायची आणि प्रत्येकावर दोन ओळी लिहायच्या. “पण खरं लिहायचं,” ती म्हणाली. “छान-छान चालणार नाही.”

शुक्रवारच का, असं मी विचारलं. मला वाटलं, पोरीला जिवतीची आठवण आहे. तर तसं नव्हे. पूर्वी इंग्लंडात नव्या तबकड्या सोमवारी निघत आणि अमेरिकेत मंगळवारी. १० जुलै २०१५ पासून सगळ्या जगाने मिळून शुक्रवार ठरवला. म्हणजे आमच्या घरी श्रावणी शुक्रवारी सकाळी पुरण आणि रात्री इलेक्ट्रिक गिटार, असा नैवेद्य लागायचा होता.

पहिला शुक्रवार ९ ऑगस्टचा, नागपंचमीचा. त्या दिवशी ऑस्ट्रेलियातली एक मंडळी आली, नाव ‘किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड’. नागपंचमीला पालीसरड्यांनी हजेरी लावावी हे योग्यच, पण हे नाव खातं उघडायच्या फॉर्मच्या चौकटीत बसणार कसं, या काळजीत माझं पहिलं गाणं गेलं. दुसरी मंडळी आपल्याच दिल्लीची, ‘पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी’. त्यांचा ‘बीटा’ नावाचा संच त्याच दिवशी निघाला होता. मी लिहिलं, “गायक झोपेतून उठून आला आहे की झोपायला चालला आहे ते कळत नाही, पण त्याच्याबरोबर आपणही चालावं असं वाटतं.” कन्येने उत्तरादाखल हसण्याच्या तीन बाहुल्या पाठवल्या. आमच्या घराण्यात समीक्षेला एवढी दाद प्रथमच मिळत होती.

त्याच सुमारास तिने मला या धंद्याचा हिशेब सांगितला आणि माझ्यातला कारकून जागा झाला. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं तरच ते ‘ऐकलं’ म्हणून जमा होतं. एकोणतिसाव्या सेकंदाला तुम्ही बंद केलंत, तर गाणाऱ्याच्या खात्यावर शून्य. शिवाय २०२४ पासून नियम असा, की बारा महिन्यांत हजार वेळा वाजल्याखेरीज त्या गाण्याला दमडी मिळायची नाही. मी उडालोच. हा तर किमान शिल्लकेचा नियम! आमच्याकडे जनधनचं खातं शून्यावरही उघडतं, आणि इथे गाणाऱ्याने आधी हजार कान जमवून दाखवायचे.

तेव्हापासून माझी झोप उडाली. मी आयुष्यभर किती गाणी पंचविसाव्या सेकंदाला बंद केली असतील! एखाद्याचं गाणं न ऐकणं हा अन्याय आहे का? कोणी म्हणेल, कान माझे, वेळ माझा, मी कोणाचं देणं लागत नाही. बरोबर. पण मग मी ज्याला ‘माझी आवड’ म्हणतो, ती तरी मी कमावली कुठे? ती मला वारशाने मिळाली, शेजाऱ्याच्या रेडिओवरून, एस.टी. स्टँडवरच्या कॅसेटच्या टपरीवरून. विसाव्या वर्षी मी ती मुदत ठेवीत टाकली आणि अजून तिच्या व्याजावर जगतो आहे. नवी ठेव एक नाही.

आणि या ठेवीचा आपल्याला केवढा अभिमान! आमचे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. सिनेमाच्या गाण्यांना ते ‘ठणाणा’ म्हणत. या बाबतीत ते एकटे नव्हते. १९५२ साली नभोवाणी मंत्री डॉ. बाळकृष्ण केसकर यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीने सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार केली, आणि सगळा हिंदुस्थान रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ ऐकायला पळाला. गंमत पुढेच आहे. नाना जी पेटी ‘आपलं अस्सल’ म्हणून वाजवायचे, तिचा जन्म पॅरिसचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अलेक्झांडर दबाँ नावाच्या फ्रेंच कारागिराने तिचं पेटंट घेतलं. परकी आणि आपल्या श्रुतींना न मानवणारी म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिला बाहेर काढलं, आणि तीस वर्षं तिला दारात उभं केलं नाही. आज पेटीवाचून काकडा होत नाही. मग उद्याच्या काकड्याला इलेक्ट्रिक गिटार असणार नाही कशावरून? असेल म्हणून काय विचारतो, आहेच. ‘अभंग रिपोस्ट’ नावाची मुलं ड्रम आणि गिटार घेऊन अभंग गातात. नाना असते तर त्यांनी पंचविसाव्या सेकंदालाच बंद केलं असतं, आणि ते अभंग गातायत म्हणून मग गुपचूप पुन्हा लावलं असतं.

तर इतकं सगळं तत्त्वज्ञान मी पहिल्या आठवड्यात जमवलं, आणि दुसऱ्या शुक्रवारी तोंडावर आपटलो.

तारीख १६ ऑगस्ट २०२४. ज्यांना बँकेशी देणंघेणं नाही त्यांना या तारखेचं काही वाटणार नाही. पंधरा ऑगस्टची सुट्टी होऊन बँक उघडली होती आणि ‘लाडकी बहीण’चे पहिले तीन हजार खात्यात पडायला लागले होते. सकाळी नऊपासून शाखेबाहेर बायाबापड्यांची रांग. कोणाचं आधार जोडलेलं नाही, कोणाचं केवायसी राहिलेलं, कोणाचं खातं झोपलेलं. एक आजी तर पासबुकावर छापलं नाही तोवर पैसे आलेच नाहीत या मतावर ठाम होत्या. रात्री नऊला घरी आलो तेव्हा माझ्या कानात फक्त “साहेब, आमचं बघा ना” एवढंच गाणं वाजत होतं. कन्येची पाच गाणी आलेली. चार मी कशीबशी, पेंगत ऐकली. पाचवं लावलंच नाही. आणि लिहिलं, “ताल फार छान. पाय आपोआप हलला.”

दोन मिनिटांत फोन.

“पप्पा, कोणता ताल?”

मी म्हटलं, “तोच गं, मधला.”

“त्या गाण्यात तालच नाहीये पप्पा. एक गिटार आहे आणि एक मुलगा आहे.”

फोन बंद. पुढचे पाच दिवस ‘जेवलीस का’लासुद्धा उत्तर नाही.

मी मनाशी बचाव उभा केला. जगात गोड खोटं चालतंच. लग्नात मठ्ठा कसा झालाय असं यजमानाने विचारलं तर आपण काय खरं सांगतो? पण बचाव टिकेना. यजमान मठ्ठ्याबद्दल विचारतच नसतो. आपण नाराज नाही ना, एवढंच त्याला हवं असतं. पोरीने विचारलं होतं ते वेगळं. गाणं कसं आहे हे तिला ठाऊक होतं. तिने विचारलं होतं, तीन मिनिटं तुम्ही माझ्याबरोबर तिथे होता का? आणि मी नसताना हजेरीवर सही केली होती. बँकेत मूळ कागद पाहिल्याशिवाय सत्यप्रतीवर शिक्का मारणाऱ्याला आम्ही काय म्हणतो ते इथे छापण्यासारखं नाही. तिथे मी वीस वर्षं निष्कलंक, आणि घरात पहिल्याच तपासणीत सापडलो. नावे टाकलेली खोटी रक्कम माणूस भांडून काढून घेतो. खोटी जमा कोणी काढायला येत नाही, ती तशीच कुजत राहते.

सहाव्या दिवशी मी ते गाणं लावलं. तिच्याच कॉलेजातल्या एका मुलाचं. वसतिगृहाच्या खोलीत मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेलं, मागे पंख्याची घरघर. हेही काही नवं नाही म्हणा. गोव्याच्या रेमो फर्नांडिसने १९८४ साली ‘गोअन क्रेझी’ घरीच ध्वनिमुद्रित केली, वाद्यं स्वतःच वाजवली आणि पिवळ्या स्कूटरवरून कॅसेटी दुकानोदुकानी विकल्या. या मुलाजवळ स्कूटर नव्हती आणि कॅसेटी घेणारी दुकानंही उरली नव्हती. त्याचं गाणं सातशेच्या घरात अडकलं होतं, असं सौभाग्यवतींकडून कळलं. मायलेकींचं दळणवळण चालू होतं.

मला प्रायश्चित्त सुचलं. मी मोबाइल चार्जरला लावला, आवाज अगदी बारीक केला आणि ते गाणं रात्रभर फिरवत ठेवलं. सकाळी मोठ्या अभिमानाने तिला कळवलं. उत्तर आलं, “पप्पा, याला फार्मिंग म्हणतात.” मी लिहिलं, “मग त्यात वाईट काय? आपल्या तालुक्यात सगळे तेच करतात.” त्यावर तिचा फोन आला. पहिल्यांदा ती हसली, मग रागावली. म्हणाली, “तुम्ही ऐकलंच नाही आणि मोजलं. हे परवापेक्षा वाईट आहे.” कारकुनाच्या मुलीला लेखापरीक्षण शिकवावं लागत नाही.

तिसऱ्या शुक्रवारी डब्लिनच्या ‘फाँटेन्स डी.सी.’चा ‘रोमान्स’ आला. मी प्रामाणिकपणे लिहिलं, की मला काही कळलं नाही, पण चौथ्यांदा ऐकेन. चार दिवसांनी ‘ओअॅसिस’चे दोघे भाऊ पंधरा वर्षांच्या अबोल्यानंतर पुन्हा एकत्र गाणार, अशी बातमी आली. त्यांचं एकही गाणं न ऐकता मला गहिवरून आलं. भावाभावांची संयुक्त खाती फुटताना मी शेकड्याने पाहिली आहेत, जुळताना एक नाही.

चौथ्या शुक्रवारी निक केव्हचा ‘वाइल्ड गॉड’. गायकाचं वय सहासष्ट. २०१५ मध्ये त्याचा पंधरा वर्षांचा मुलगा कड्यावरून पडून गेला, २०२२ मध्ये आणखी एक मुलगा गेला. आणि या माणसाने आनंदाची गाणी केली होती. मी दोन ओळी लिहायला बसलो आणि एकही लिहिता आली नाही. तसंच कळवलं. तिने काहीच विचारलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, मराठवाड्यात आभाळ फाटलं. आमच्याकडे वीज गेली, पूर्णेला पाणी चढलं, मोबाइलमध्ये चौदा टक्के उरलेले. अंधारात मी त्या मुलाचं गाणं लावलं, या वेळी आवाज मोठा करून. आमचा पंखा बंद, त्याचा चालू. दुसऱ्या कडव्यात तो चुकतो, किंचित हसतो आणि पुढे जातो. तेवढ्यात कन्येचा फोन आला.

“पप्पा, तिकडे फार पाऊस आहे म्हणे?”

“आहे. हे बघ, तुझ्या त्या मुलाला सांग, ते हसू ठेवलं ते बरं केलं. पण शेवटचं कडवं कापायला हवं. त्यात काही दम नाही.”

“शेवटचं? पप्पा, तेच तर सगळ्यात चांगलं आहे!”

“मुळीच नाही. उगाच लांबवलंय.”

“तुम्हाला काय कळतं!”

बावीस मिनिटांनी मोबाइल बंद पडला, तेव्हाही आम्ही भांडतच होतो.