दुखावलेल्या गुडघ्याचं प्रारब्ध

माणदेशात जत्रेच्या फडाभोवती बसलेले जाणते लोक समोरची कुस्ती बघता बघता न झालेल्या कुस्त्यांबद्दलही बोलत असतात. अमक्याचा खांदा निखळला नसता तर गदा त्याचीच होती, तमक्याच्या गुडघ्यानं दगा दिला नसता तर तो कुठल्या कुठं गेला असता. या बोलण्यात माया असते. पण त्यात एक गृहीतही दडलेलं असतं: पैलवानाच्या वाट्याला ठरावीक यश आधीच लिहून ठेवलेलं होतं, आणि दुखापतीनं त्यातलं काही हिरावून नेलं. शरीर हेच ज्याचं भांडवल, त्याचं शरीर ऐन उमेदीत मोडलं तर त्याचं आयुष्य अपुरं राहिलं असं म्हणायचं का? आपल्याकडे या प्रश्नाला ‘प्रारब्ध’ या शब्दानं उत्तर दिलं जातं. ते उत्तर खरं आहे, असं मला वाटतं. मात्र ज्या अर्थानं ते सर्रास दिलं जातं, त्या अर्थानं नाही.

सातारा जिल्ह्याच्या मातीतलं सगळ्यात मोठं उदाहरण घेऊ. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीत बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. तिथं जपानच्या शोहाची इशीबरोबरची कुस्ती लांबली. ती संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत मल्लाविरुद्ध मॅटवर उतरावं लागलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा त्यांचा हक्क होता, पण तो मागायला भारतीय पथकातलं कुणीही जागेवर नव्हतं. दमलेल्या अंगानं ते हरले. पुढे इशीनं सुवर्णपदक नेलं. चार वर्षांनी मेलबर्नची वेळ आली तेव्हा खाशाबांचा गुडघा दुखावलेला होता, आणि तिसरं ऑलिंपिक त्यांच्या हातून गेलं. वय होतं अवघं तीस.

ही कहाणी वजाबाकीनं सांगता येते आणि बहुतेकदा तशीच सांगितली जाते. दुसऱ्या टोकाचं एक उदाहरण पाहिलं की या वजाबाकीतली चूक उघडी पडते. अमेरिकेच्या बेसबॉलमधला मिकी मँटल म्हणजे चेंडू मैदानाबाहेर भिरकावणारा अफाट ताकदीचा फलंदाज. ऑक्टोबर १९५१ मध्ये, वयाची वीस वर्षं पूर्ण होण्याआधीच, झेल पकडायला जिवाच्या आकांतानं धावताना यँकी स्टेडियममधल्या गटाराच्या झाकणात त्याचा बूट अडकला आणि उजवा गुडघा फाटला. पुढची सतरा वर्षं तो पायांना पट्ट्या गुंडाळून खेळला. ५३६ होम रन मारून १९६८ साली तो थांबला. तरीही ‘धड पाय असते तर’ हे वाक्य त्याच्या नावाला कायमचं चिकटलं. एवढं कमावलेल्या माणसालाही वजाबाकी सोडत नाही, कारण कल्पनेतला धडधाकट मँटल खऱ्या मँटलच्या नेहमी पुढेच राहणार. आणि हा कल्पनेतला खेळाडू येतो कुठून? त्याला खऱ्या माणसाचा वेग हवा असतो, फक्त त्या वेगानं सांध्यावर पडणारा भार नको असतो. पैलवानाचा पट काढणारा झपाटा आणि त्याच झपाट्यानं पिळवटणारा गुडघा यांचं शरीर एकच आहे. त्यातलं एक ठेवून दुसरं वगळलेला पैलवान कधी जन्मालाच आला नाही, मग त्याचं यश कुणी कुणाकडून हिरावलं?

आता प्रारब्धाकडे येऊ. माण तालुक्यातल्या गोंदवल्यात १८४५ साली जन्मलेल्या आणि १९१३ साली तिथंच देह ठेवलेल्या ब्रह्मचैतन्य महाराजांची शिकवण इथं घरोघरी ठाऊक आहे: देहाचे भोग प्रारब्धावर सोडावेत आणि मन नामात ठेवावं. त्यांनाही दम्याचा त्रास होता. वेदांत तर याच्याही पुढे जातो. ज्ञान झालं तरी सुरू झालेलं प्रारब्ध संपेपर्यंत देहाला भोगावंच लागतं. याचा अर्थ असा की देहाला काय झालं यावरून माणसाची योग्यता ठरत नाही, कारण ज्ञान्याचा देहही यातून सुटलेला नाही. या सिद्धांताचं खरं बळ मला इथं दिसतं. तो मोडलेल्या गुडघ्याला माणसाच्या किमतीपासून वेगळं करतो. माणदेशातला शेतकरी आपलं ज्वारीचं रान कृष्णाकाठच्या उसाशी ताडून अपुरं ठरवत नाही, पडलेल्या पावसात काय पिकवलं ते बघतो. कारकीर्दही तशीच बघायला हवी.

यावर पहिला आक्षेप चांगलाच धारदार आहे. प्रारब्ध म्हणजे पूर्वकर्माचं फळ, मग जखमी माणसाला ‘तुझंच पाप’ असं सुनावण्याची ती सोय झाली नाही का? अशी सोय अनेकांनी करून घेतली आहे आणि तिनं लोकांना फार दुखावलं आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हाच सिद्धांत सांगतो की संचित, म्हणजे साठलेलं पूर्वकर्म, कुणाला दिसत नाही. म्हणून दुसऱ्याच्या गुडघ्यावरून त्याचं पाप वाचणारा माणूस सिद्धांतानं कुणालाच न दिलेलं ज्ञान स्वतःकडे असल्याचा दावा करत असतो. प्रारब्ध हा शब्द ज्याचा त्यानं स्वतःबद्दल उच्चारायचा आहे. दुसऱ्याबद्दल तो उच्चारला की अध्यात्म संपतं आणि निष्ठुरपणा सुरू होतो.

दुसरा आक्षेप व्यवहारातला. अशानं हलगर्जीपणाला पांघरूण मिळेल. हेलसिंकीतली न मिळालेली अर्ध्या तासाची विश्रांतीही मग प्रारब्धच! इथं मी ठामपणे नाही म्हणेन. ती विश्रांती मागणं हे पथकाचं काम होतं, आणि ते झालं नाही. परंपरेत प्रारब्धाशेजारी ‘क्रियमाण’ ठेवलेलं आहे, म्हणजे आत्ता आपल्या हातून घडणारं कर्म, आणि त्याचा हिशेब आपल्याच नावावर पडतो. माणदेशाला हे वेगळं शिकवायला नको. पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळाला दैव म्हणणाऱ्या याच मुलखात, आटपाडीत, १९९३ सालापासून नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्या पुढाकारानं पाणी परिषदा भरल्या आणि लोकांनी समन्यायी पाणीवाटप हक्क म्हणून मागितलं. न पडलेल्या पावसाबद्दल कुढत न बसणं आणि अडवता येणाऱ्या पाण्यासाठी भांडणं या दोन गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी साधतात, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

उरतो तालमीतल्या वस्तादाचा आक्षेप: हे सगळं पोराच्या कानावर घातलं तर त्याच्या मनातली जिंकण्याची आग विझेल. खाशाबांचं आयुष्य तसं सांगत नाही. लंडनला सहावे आल्यावर चार वर्षं त्यांनी अंग झिजवलं, आणि १९५५ साली पोलिसांत उपनिरीक्षक म्हणून रुजू होऊन पुढे सहायक आयुक्तपदापर्यंत नोकरी केली. आग फळावर अवलंबून असती तर ती १९४८ सालीच विझली असती. म्हणून ज्या पोराचा गुडघा गेला आहे त्याला ‘तर’ची गोष्ट ऐकवण्याऐवजी तालमीनं आणि गावानं आपलं क्रियमाण बघावं. जत्रेच्या पहिल्या नंबरच्या कुस्तीला मोठं इनाम लागतं, ते जिंकणाऱ्याच्या हातात जागेवर पडतं, आणि पाय धरून बाहेर गेलेल्याच्या दवाखान्याचा खर्च बहुतेक वेळा त्याच्या घरावर येतो. जत्रा कमिटीनं इनामासाठी जमवलेल्या वर्गणीतला एक हिस्सा जखमी पैलवानाच्या उपचारासाठी आधीच बाजूला काढावा, आणि इनामासोबत तोही फडावर पुकारावा.