पाचवे कारण

पॉवर प्रेसच्या कारखान्यात पहिली पाळी सुरू होण्यापूर्वी कामगारांना एका ओळीत उभे करून सुरक्षिततेविषयी जे चार शब्द सांगितले जातात, आणि ज्यांना आता लहानमोठ्या सर्व कारखान्यांत ‘टूलबॉक्स टॉक’ म्हणण्याचा शिरस्ता पडला आहे, त्यांच्याकडे धर्मचिंतनाचा विषय म्हणून पाहावे ही सूचना पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. तथापि मनुष्याच्या हातून जे घडते त्याचा खरा कर्ता कोण, आणि त्यात दैवाचा हिस्सा किती, हा जो प्रश्न आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतके घोळला, तो प्रेसच्या जबड्यापाशी उभ्या असलेल्या मनुष्यापुढे कोणत्याही मठातल्यापेक्षा अधिक निकडीने उभा असतो. कारण तेथे उत्तर चुकले तर मतभेद होऊन भागत नाही, बोट जाते.

या यंत्राची रीत अगदी साधी असते. खाली डाय, वर पंच. डाव्या हाताने पत्र्याची पट्टी सरकवायची, पायाने पायपट्टी दाबायची, पंच खाली येऊन पत्र्याला आकार देऊन वर गेला की उजव्या हाताने तयार नग काढून घ्यायचा, आणि हीच क्रिया पाळी संपेपर्यंत करीत राहायची. हात आणि पाय यांचा हा ताल जोवर जुळलेला असतो तोवर सारे निर्विघ्न चालते. एखादा नग डायमध्ये अडकला, तो सोडवण्यासाठी बोटे आत गेली, आणि पायाने मात्र आपला नेहमीचा क्रम मोडला नाही, की अनर्थ होतो. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याखेरीज पंच हलूच नये अशी योजना असलेले प्रेस मिळतात, डायपुढे बसवायची जाळीही मिळते. परंतु जेथे मजुरी नगावर आहे तेथे जाळीमुळे हात मंदावतो आणि मंदावलेल्या हाताची मजुरी कमी होते, हा हिशोब मालक आणि मजूर दोघांनाही तोंडपाठ असतो.

असा अपघात झाल्यावर इस्पितळाच्या ओसरीवर जमलेले नातलग ‘नशिबात होतं’ असे म्हणतात, आणि त्यांना हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. जे परत येणार नाही त्याचे दुःख सोसण्यासाठी मनुष्याला कोठे तरी पाठ टेकावी लागते. पण तेच वाक्य जेव्हा कारखान्याच्या दप्तरात शिरते आणि चौकशीच्या जबाबात ‘अपघात दैवयोगाने घडला’ असे रूप घेते, तेव्हा ते सांत्वन राहत नाही, ती सुटकेची वाट होते. योगवासिष्ठाच्या मुमुक्षुव्यवहार-प्रकरणात वसिष्ठांनी रामाला दैव म्हणजे पूर्वीच्या पौरुषाहून वेगळे असे काही नाही असे नाना परींनी समजावले आहे. ते म्हणणे येथे लावून पाहिले, तर ज्याला आपण अपघाताचे दैव म्हणतो ते पुष्कळदा गेल्या महिन्यात काढून ठेवलेल्या जाळीच्या, किंवा न बदललेल्या एखाद्या झिजलेल्या भागाच्या रूपाने कोपऱ्यात पडलेले सापडेल.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. भाष्यकारांनी अधिष्ठान म्हणजे शरीर आणि करणे म्हणजे इंद्रिये असा अर्थ केला आहे, तो मला ठाऊक आहे. परंतु हीच पंचकडी कारखान्यात नेली असता अधिष्ठान म्हणजे जेथे काम चालते ती जागा, तिच्यावरचे सांडलेले तेल, तिच्यातला अपुरा उजेड. करण म्हणजे यंत्र आणि हत्यार. चेष्टा म्हणजे कामाची रीत आणि तिचा वेग. आणि कर्ता म्हणजे पायपट्टीवर पाय ठेवून उभा असलेला मनुष्य, असा अर्थ लावण्यात शास्त्राची फारशी पायमल्ली होते असे वाटत नाही. यापैकी दैव शेवटी आहे. पहिल्या चारांची विचारपूस झाल्याखेरीज पाचव्याला साक्षीला बोलावू नये, असा माझ्यापुरता मी त्या क्रमाचा अर्थ घेतो.

आता सुरक्षिततेच्या भाषणात सांगतात काय, तर लक्ष देऊन काम करा, हात आत घालू नका, सैल कपडे घालू नका, गप्पा मारू नका. ही सारी वाक्ये कर्त्याला उद्देशून आहेत. अधिष्ठान आणि करण यांचे नावही निघत नाही, कारण ती दोन्ही ऐकणाराच्या मालकीची नसून बोलवित्या धन्याच्या मालकीची असतात. या एकांगीपणाला शास्त्राचा आधारही मिळाला. अमेरिकेतील एका विमा कंपनीत काम करणाऱ्या हाइनरिक नावाच्या गृहस्थाने 1931 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शेकडा 88 अपघात कामगारांच्या असुरक्षित वर्तनाने, 10 असुरक्षित परिस्थितीने आणि उरलेले 2 अटळ म्हणून होतात असे मांडले, आणि हे आकडे पुढे कित्येक दशके जगभरच्या कारखान्यांत प्रमाणवचनासारखे उद्धृत होत राहिले. ज्या नोंदींवरून ते काढले त्या विमा कंपनीच्या आणि कारखानदारांच्या दप्तरातल्या होत्या, हे ध्यानी घेतले म्हणजे दैवाला अवघे दोन आणि कर्त्याला अठ्ठ्याऐंशी ही वाटणी पौरुषवादाचा विजय आहे की आणखी काही, याचा निर्णय करणे कठीण जात नाही.

म्हणून ही भाषणे निरर्थक आहेत असा निष्कर्ष काढणारे लोक मात्र मला उथळ वाटतात. ठाऊक असलेलेच रोज काय सांगायचे, हा त्यांचा आक्षेप असतो; पण नवख्या माणसाला भीती तरी असते, खरा धोका पंधरा वर्षे मुरलेल्या हाताला, कारण तो हात आता मनाला न विचारता चालतो. पतंजलींनी एका संस्काराला दुसरा संस्कारच आवरतो असा विचार मांडला आहे. लक्षावधी वेळा केलेल्या हालचालीने जो संस्कार हाडांत भिनला, त्याला वर्षातून एकदा, सुरक्षा सप्ताहात, पाहुण्यांच्या हस्ते फलक लावून धक्का बसणार नाही. वारकऱ्याला हरिपाठ पाठ असूनही तो रोज म्हणतोच, आणि उद्या त्यात नवे काही निघेल म्हणून म्हणत नाही. पाळीच्या आरंभीचे ते चार शब्द याच जातीचे असतील तर त्यांची पुनरुक्ती हा दोष नव्हे.

तरीही मनाच्या सावधतेला मर्यादा आहे. दिवसभरात हजारो वेळा तीच क्रिया करणाऱ्या मनुष्याचे चित्त एकदाही ढळू नये अशी अपेक्षा बाळगणे म्हणजे नगावर मजुरी देऊन समाधी मागणे होय. 1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टने यंत्राच्या धोकादायक भागांना भक्कम आवरण घालण्याची जबाबदारी कामगाराच्या एकाग्रतेवर सोडलेली नव्हती. त्याही पूर्वीचा 1923 चा नुकसानभरपाईचा कायदा अधिक खोल गेला होता: कामगाराने नशा केली, नियम हेतुपुरस्सर मोडला किंवा जाळी जाणूनबुजून काढली, तर जखमेची भरपाई नाकारता येई, परंतु मृत्यू आला असेल तर ही सबब चालत नसे. मेलेल्याचा कसूर मोजून त्याच्या विधवेचा हक्क कापू नये, हा विवेक वकिली भाषेत लिहिला गेला म्हणून त्याची धार्मिकता कमी होत नाही.

याउलट वहीची गोष्ट पाहा. भाषण संपल्यावर, आणि पुष्कळदा ते सुरू होण्यापूर्वीच, एक वही फिरते आणि प्रत्येकाची सही किंवा अंगठा घेतला जातो. जो अंगठा वाचवायचा म्हणून हा सारा खटाटोप, त्याचाच ठसा आगाऊ घेऊन ठेवण्यातला विनोद बहुधा कोणाच्या ध्यानी येत नसावा. पुढे काही झाले की ती वही हजर होते: ‘यास समज दिली होती.’ जी वाणी ऐकणाराच्या कल्याणासाठी उच्चारली जाते ती आणि जी बोलणाराच्या बचावासाठी उच्चारली जाते ती, दोहोंचे शब्द अक्षरशः एक असू शकतात, आणि ओळीत उभे असलेले लोक मात्र पहिल्याच वाक्याला फरक ओळखतात.

याज्ञवल्क्यांनी श्रवण, मनन आणि निदिध्यासन यांचा उपदेश केला तो मैत्रेयीने प्रश्न विचारल्यानंतर, तिला ओळीत उभी करून नव्हे. ऐकणारानेही बोलावे ही सोय कायद्यातही आली: भोपाळच्या 1984 च्या विषारी वायुगळतीनंतर, 1987 साली, फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये जी भर पडली तिने धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांतील कामगाराला, जिवावर बेतणारा धोका समोर दिसत असेल तर तो वरिष्ठांच्या नजरेस आणण्याचा अधिकार दिला, आणि धोका खरा आहे अशी खात्री पटल्यास तत्काळ उपाययोजना करणे हे चालकाचे कर्तव्य ठरवले. प्रेसच्या शेडमध्ये सकाळी साडेसहाला एखादा कामगार ‘साहेब, तीन नंबरचा प्रेस पाय न लावताच खाली येतोय’ असे बोलेल, तेव्हा भाषण थांबवून आधी त्या प्रेसची वीज बंद करण्याचा हुकूम निघतो की त्याला वहीवर सही करायला सांगितले जाते, एवढेच पाहावे.