पुंडलिक कुणाला आठवतो?

माझी भाची पुण्यात जर्मन शिकली आणि आता वर्षभरासाठी तिकडच्या एका वृद्धाश्रमात स्वयंसेवक म्हणून निघाली आहे. जर्मनीत 2011 साली सक्तीची लष्करी सेवा थांबली. लष्कराऐवजी वृद्धाश्रमात, इस्पितळात राबणारी तरुण पोरंही मग आटली. त्यांच्या जागी सरकारने ऐच्छिक सेवेची योजना आणली; तीत परदेशी मुलांनाही घेतात. पगार नाही, हातखर्चापुरते पैसे. काम म्हणजे म्हाताऱ्यांना न्याहारी देणं, चाकाच्या खुर्चीतून बागेत फिरवून आणणं, त्यांच्याजवळ बोलत बसणं.

आमच्या गावात, जेऊरमध्ये, हे कळलं तसा ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच प्रश्न. "घरात आजी अंथरुणाला खिळलीय, अन् ही परमुलखातल्या म्हाताऱ्यांना भरवायला चालली?" पाठोपाठ पुंडलिकाचा दाखला.

दाखला हलका नाही. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यातलं आणि मी माळकरी. आईबापाला छळणारा पुंडलिक काशीला निघाला, वाटेत कुक्कुट ऋषींच्या आश्रमात थांबला. काशी कधी न पाहिलेल्या त्या ऋषींच्या दारी गंगा-यमुना स्वतः येऊन झाडलोट करतात, ते पुण्य आईबापाच्या सेवेचं, हे कळलं आणि तो माघारी फिरला. आईबाप सोडून लांबचं पुण्य धुंडू नये, असं कथा स्वच्छ सांगते.

तरी मला विचारायचंय, की हा पुंडलिक आपल्याला नेमका कधी आठवतो? माझा भाचा हिंजवडीला कंपनीत आहे. दिवाळीला येतो, दोन दिवस राहतो, जातो. त्याला कुणी पुंडलिक ऐकवला नाही. उलट पेढे वाटले. पगारासाठी पोरगा लांब गेला तर कर्तबगार, आणि सेवेसाठी पोरगी गेली तर कर्तव्य विसरली, हा कुठला न्याय?

आषाढीच्या आधी निवृत्तिनाथांची पालखी आमच्या करमाळा तालुक्यातून जाते. तेव्हा कुठल्या कोण नाशिककडच्या म्हाताऱ्याचे पाय आपण तेल लावून चोळतो. त्याची मुलं त्याला सांभाळतात का, हे विचारत नाही. आधी स्वतःच्या सासूचे पाय दाबून ये, असंही कुणी कुणाला म्हणत नाही. परक्याची सेवा आपल्याला मान्य आहेच, फक्त ती आपल्या गावच्या रस्त्यावर हवी.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. तिकडे असतानाच वडील वारल्याची बातमी आली. ते परतले नाहीत. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि 9 डिसेंबर 1942 ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. सोलापुरातल्या त्यांच्या घराचं आज स्मारक आहे. पुंडलिकाच्या मापाने मोजलं तर हा मुलगा चुकला म्हणायचं का? माझी जीभ रेटत नाही.

कथेचं मर्म मला वेगळ्या जागी दिसतं. प्रत्यक्ष देव दारात आला, तरी पुंडलिक पायांवरचा हात काढत नाही. वीट फेकतो, थांब म्हणतो. पाय कुणाचे, यापेक्षा फळ समोर उभं असताना हात तिथेच राहतो का, ही खरी परीक्षा. सातबाऱ्यावर डोळा ठेवून बापाला औषध देणारा या परीक्षेत नापास, आणि म्हातारीला घास भरवतानाचे फोटो जगाला दाखवणारा स्वयंसेवकही नापास. भाचीला मी एवढंच सांगितलं, "कुणाचा हात हातात असताना फोन वाजला, तर त्याला विटेवर उभा कर."

म्हणून आजीचं देणं मात्र फिटत नाही. परक्या म्हातारीला भरवलेला घास आपल्या म्हातारीच्या खाती जमा होत नाही. पण ते देणं एकट्या नातीचं आहे का? ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा 2007 चा कायदा मुलगा, मुलगी, नातू, नात यांना जबाबदार धरतो. सुनेचं नाव त्यात नाही. आमच्या घरात आईची चादर बदलते ती वहिनी. दुपार मी काढते. दोघे भाऊ उंबऱ्यातून "बरी हाय का?" विचारतात आणि कामाला लागतात. गावात बहुतेक घरी हेच.

पुंडलिकाने बायकोला "तू पाय दाब" म्हटलं नव्हतं. स्वतः बसला होता.

तेव्हा पोरीला जाऊ द्या. आणि ज्या ज्या बाप्याला पुंडलिक आठवला असेल, त्याने आजपासून आईचं रात्रीचं भांडं स्वतः उचलावं.